मास्तरांनी न शिकवलेली धून

भुतं रात्रीच येतात, हे कुणी ठरवलं मला माहीत नाही.

आमच्या गावात हे सगळं भर दुपारी घडलं.

पुढे सांगते आहे त्यातलं एक अक्षरही पदरचं नाही. जिच्या बाबतीत हे घडलं ती निमिया, माझी सख्खी मावसबहीण. ती याबद्दल कुणाशी बोलत नाही. मला सांगितलं तेही एकदाच, हातातला तेरेरेचा, त्या गार कडवट चहाचा, पेला तसाच धरून, त्यातला बर्फ विरघळून जाईपर्यंत. आणि यातलं निम्मं तर अख्ख्या गावानं चौकात उभं राहून ऐकलेलं आहे. त्यांना विचारा. सांगतील की नाही, ते मात्र मी सांगू शकत नाही.

गाव सान रोकेमी. पाराग्वारी शहराच्या पुढे, टेकडीच्या पायथ्याशी.

महिना ऑगस्ट.

ऑगस्ट म्हटला की आमच्याकडची माणसं जरा जपूनच असतात. हा महिना माणसं नेतो म्हणतात. म्हणून एक तारखेला उपाशीपोटी सताप आणि लिंबू घातलेल्या उसाच्या दारूचे तीन घोट घ्यायचे. त्या वर्षी निमियानं घेतले नाहीत. तिला सहावा महिना लागला होता.

"अगं, घोटभरानं काय होतंय?" तिचा नवरा एलिहियो म्हणाला. "बाळालाही तेवढाच आधार."

"माझ्या वाटचे तूच घे. तुला काय, निमित्तच हवं असतं."

त्यानं घेतले. मिशी पुसत, हसत हसत.

निमिया हार्प शिकवायची. म्हणजे शिकवायला लागून फार दिवस झाले नव्हते. त्याआधी गावातल्या प्रत्येक पोराच्या बोटांना तारांची सवय लावली ती क्रिस्पीन मास्तरांनी. निमिया त्यांचीच विद्यार्थिनी. मास्तर म्हणजे किडकिडीत माणूस, पांढरी मिशी, उजव्या हाताची नखं लांब वाढवलेली. पोरांवर ओरडायचे, आणि पोरं घरी निघाली की खिशातून चिपाचे, म्हणजे चीज घातलेल्या पावाचे, तुकडे काढून वाटायचे.

मास्तर जूनमध्ये गेले.

शिकवणी बंद पडू नये म्हणून त्यांच्या बायकोनं, लिदुविना आजीनंच निमियाला बोलावून घेतलं. "ओसरी तीच, हार्प त्याच, पोरं तीच," आजी म्हणाली. "खुर्चीवर फक्त तू बस."

मास्तरांची स्वतःची हार्प मात्र आतल्या खोलीत होती. पांढऱ्या चादरीखाली झाकलेली.

"ती तेवढी राहू दे," आजी म्हणाली.

निमियानं तिला कधी हात लावला नाही.

सोळा तारखेला सान रोके या संताची जत्रा. दरवर्षी मूर्ती बाहेर काढायच्या आधी, चर्चसमोरच्या चौकात मास्तरांची पोरं वाजवायची. यंदा मास्तर नव्हते, त्यामुळे सगळ्या गावाचं लक्ष निमियाकडे. बारा पोरं, बारा हार्प. आणि मधे एकटीनं वाजवायला लुहान नावाची दहा वर्षांची मुलगी. बस थांब्यावर चिपा विकणाऱ्या ब्लासिदाची लेक. बोटं अशी की मास्तर तिच्यावर कधी ओरडले नव्हते.

जत्रा आठवड्यावर आली होती. दुपारची वेळ. जेवणं आटोपून गाव झोपलं होतं. उत्तरेचा वारा सुटला होता... तो गरम, कोरडा वारा, ज्यात कुत्रीसुद्धा भुंकायचं सोडून देतात.

निमिया ओसरीवर एकटीच पोरांच्या हार्प सुरात लावत बसली होती. लिदुविना आजी मागच्या अंगणात झाडांना बांधलेल्या झोळीत झोपलेली.

एक हार्प झाली. दुसरी झाली.

तिसरीची पेटी पोटाला टेकवून तिनं मधली लाल तार छेडली.

तार थरथरली. डोळ्यांना दिसत होती.

आवाज... आला नाही.

तिनं पुन्हा छेडली. तार पुन्हा थरथरली. गच्च शांतता.

निमियाला वाटलं, गरमीनं कानांना दडे बसले. तिनं चुटकी वाजवली. चुटकी ऐकू आली. शेजारची तार छेडली. तीही नीट वाजली.

मग पुन्हा ती लाल.

या वेळी पोटात बाळानं लाथ मारली. जोरात. जणू त्याला काहीतरी ऐकू आलं होतं.

आणि मग... तो सूर वाजला.

आतल्या खोलीत.

बंद दाराच्या पलीकडे.

निमियानं हार्प बाजूला ठेवली. मग उठली. दार ढकललं. खोलीत उकाडा कोंडलेला, खिडकी बंद. चादर जागच्या जागी. तिची एक चुणीसुद्धा हललेली नव्हती.

तिनं चादरीवरूनच हार्पच्या पेटीवर हात ठेवला.

आत काहीतरी थरथरत होतं. झोपलेल्या मांजराच्या पोटावर हात ठेवावा, तसं.

घरी गेल्यावर तिनं एलिहियोला सांगितलं.

"तार गंजली असेल," तो म्हणाला.

"नायलॉनची तार गंजते का रे?"

"मग तुझे कान गंजले असतील. पोटुश्या बायकांना काय काय होतं. माझ्या आईला म्हणे सात महिने सगळीकडे रॉकेलचा वास यायचा."

निमिया हसली. त्याच्यासारखा हसवणारा नवरा असला की भीती जरा वेळ बाजूला बसते. जात नाही.

दोन दिवसांनी दुपारच्या सरावाला लुहान सगळ्यांच्या आधी आली. आई थांब्यावर, घरी कुणी नाही, म्हणून लवकर. निमिया स्वयंपाकघरात पाण्याचा थर्मास भरत होती. बाहेर ओसरीवर लुहाननं हार्प ओढून घेतल्याचा आवाज आला.

आणि ती वाजवायला लागली.

निमियाच्या हातातला थर्मास खाली पडला.

ती पोल्का होती. ठेक्यात, भरभर, नाचावंसं वाटेल अशी. पण आमच्या गावात त्या पोल्कावर कधी कुणी नाचलेलं नाही.

हे इथे सांगायलाच हवं. आमच्याकडे लहान मूल गेलं की ते सरळ देवदूत होतं. त्याला पांढरे कपडे घालतात, कागदी पंख लावतात, आणि पहाटेपर्यंत त्याच्यासमोर वाद्यं वाजवतात. आनंदाची. आईनं रडायचं नाही. आई रडली तर लेकराचे पंख भिजतात आणि त्याला उडता येत नाही.

अशा प्रत्येक घरी क्रिस्पीन मास्तर हार्प घेऊन जायचे. आणि ती छोटी शवपेटी उचलायची वेळ झाली की ही एक पोल्का वाजवायचे. तिला नाव नव्हतं. दुसरीकडे कुठेही त्यांनी ती कधी वाजवली नाही. कुणालाही शिकवली नाही. धून संपली की दोन्ही तळहात तारांवर दाबून धरायचे, सगळा आवाज पार मरेपर्यंत. मगच पेटी उंबऱ्याबाहेर पडायची.

निमियानं ती धून सहा वर्षांची असताना ऐकली होती. तिच्या धाकट्या भावासाठी. सेवे नाव होतं त्याचं.

ती धावत ओसरीवर आली. लुहान डोळे मिटून वाजवत होती.

"थांब! लुहान, थांब!"

पण लुहान आपली आपणच थांबली. धुनेच्या मधोमध. एकदम.

त्याच वेळी निमियाचं लक्ष रस्त्याकडे गेलं.

समोरच्या घराचं दार उघडलं होतं. शिवणकाम करणारी एर्मेलिंदा उंबऱ्यात उभी होती, पायात काही नाही. पलीकडच्या घरातून एक म्हातारी भिंतीला धरून बाहेर आली. मग आणखी एक बाई. मग कोपऱ्यावरून आणखी दोघी.

भर दुपारी, त्या वाऱ्यात, एकेक दार उघडत होतं.

पुरुष कुणी नव्हता. सगळ्या बायका. सगळ्या कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या.

निमियानं त्यांच्याकडे बघितलं आणि तिच्या लक्षात आलं, या सगळ्यांमध्ये सारखं काय आहे ते.

प्रत्येकीनं कधी ना कधी एक लेकरू पुरलं होतं.

सगळ्यात शेवटी निमियाची स्वतःची आई आली. दोन गल्ल्या पलीकडून चालत. हाताला साबणाचा फेस तसाच.

"कोण गेलं गं?" आई म्हणाली. "कुणाचं लेकरू गेलं?"

"कुणी नाही आई. पोरगी सहज वाजवत होती."

"ती धून सहज नाही वाजवत कुणी," एर्मेलिंदा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "कुणाचं आहे ते सांग, निमिया. लपवू नकोस."

मोठ्या मिनतवारीनं निमियानं त्यांना घरी पाठवलं. मग ती लुहानजवळ बसली.

"कुणी शिकवलं तुला हे?"

"कुणीच नाही, बाई. बोटं आपोआप गेली."

"मग मधेच का थांबलीस? मी ओरडले म्हणून?"

"नाही." लुहाननं मान हलवली. "पुढचं नाहीच आहे. इथपर्यंतच येतं ते."

पण पुढचं होतं. चांगलं मोठं होतं. तिला आठवत होतं.

पोरं घरी गेल्यावर ती मागच्या अंगणात लिदुविना आजीकडे गेली. आजी झोळीत जागी होती.

"ऐकलं मी," निमियानं तोंड उघडायच्या आधीच आजी म्हणाली. "ते जिथं थांबलं ना, तिथंच ते गेले."

"म्हणजे?"

"तुम्हाला सगळ्यांना सांगितलं, मास्तर झोपेत गेले. झोपेत नाही गेले. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर एक तान्हं बाळ गेलं होतं, तिथं वाजवायला गेले होते. मी सोबत होते. पेटी उचलायची वेळ झाली, त्यांनी ही धून धरली, आणि मधेच मान खाली टाकली. मला वाटलं, दमले. हार्प खांद्यावर तशीच टेकलेली. डोळे उघडे."

"आणि बाळ?"

आजी झोळीत उठून बसली.

"गोंधळ झाला सगळा. कुणी त्यांना उचलतंय, कुणी डॉक्टरला फोन करतंय. बाळाला तसंच नेलं. अर्ध्या धुनेवर." आजीनं निमियाच्या पोटाकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. "ते तारा दाबून बंद करायचे ना, ते उगाच नाही. एकदा विचारलं होतं मी त्यांना. म्हणाले, उघडी राहिली तर ती दुसरं लेकरू शोधत जाते."

त्या संध्याकाळी निमिया ब्लासिदाच्या घरी गेली. ब्लासिदा उद्याच्या चिपासाठी चीज किसत होती.

"ब्लासिदा, यंदा लुहानला नको बसवूया. पुढच्या वर्षी वाजवेल ती."

ब्लासिदानं किसणी खाली ठेवली.

"का? तुझ्या नणंदेच्या पोरीला बसवायचंय होय मधे?"

"तसं नाही गं..."

"मग कसं? मास्तर होते तोवर माझी पोर चांगली होती. तू खुर्चीवर बसलीस आणि ती वाईट झाली? पहाटे उठून चिपा भाजते मी, त्यातून तिचा तो पांढरा पोशाख शिवून घेतलाय. एर्मेलिंदाकडून. लेस लावून! तो काय मी घालू?"

"ब्लासिदा, ती काय वाजवत होती ते तू ऐकलं नाहीस."

"ऐकलं मी गावभर. म्हाताऱ्यांच्या गप्पा." मग तिचा आवाज खाली आला. "हे बघ निमिया. मी एकही लेकरू पुरलेलं नाही. मला ती धून माहीत नाही. आणि माहीत करून घ्यायचीही नाही. पोर वाजवणार."

पांढरा पोशाख... लेस लावलेला. निमिया परतीच्या वाटेवर तेवढंच घोकत राहिली.

सोळा तारीख उजाडली. सकाळी प्रार्थना, मग गोमांस भाजायच्या शेगड्या, फटाके, घोड्यावरची पोरं. दुपारी तीनच्या सुमाराला मूर्ती बाहेर निघायची होती. उत्तरेचा वारा आठवडाभर थांबला नव्हता. चौकातल्या रंगीत पताका फाटून नुसत्या दोऱ्या उरल्या होत्या.

बारा पोरं अर्धगोलात बसली. लुहान मधे. एलिहियो गिटार घेऊन मागे. निमिया लुहानच्या इतकी जवळ उभी राहिली की हात लांबवला तर तारांना लागेल.

पहिली दोन गाणी झाली. गाव टाळ्या वाजवत होतं. भीती उगाचच होती, असं निमियाला वाटायला लागलं.

तिसऱ्या गाण्यात लुहान एकटी वाजवणार होती. तिनं हात उचलले. पहिली तार छेडली.

तार थरथरली...

आवाज नाही.

लुहानची बोटं पळत होती. तारा हलत होत्या. चेहऱ्यावर हसू. पण हार्प मुकी. मग बाकीच्या पोरांनी साथ धरली, बारा जोड्या हात तारांवर फिरायला लागले, आणि एकाही हार्पमधून सूर फुटेना. एलिहियोनं गिटारवर हात मारला. काही नाही.

चौकात फक्त वाऱ्याचा आवाज.

"अरे, लाऊडस्पीकर बघा की!" कुणीतरी ओरडलं.

मग तेही गप्प झालं.

कारण ती धून सुरू झाली होती.

चौकात नाही. दोन गल्ल्या पलीकडे. मास्तरांच्या घरातून.

इतक्या लांबून इतकं स्पष्ट ऐकू येणं शक्यच नाही. पण अख्ख्या गावानं ऐकलं. पुरुषांनी टोप्या काढल्या, का काढल्या ते त्यांनाही कळलं नाही. आणि गर्दीतून एकेक बाई पुढे यायला लागली. एर्मेलिंदा. निमियाची आई. आणखी कितीतरी.

धून भरभर पुढे आली... आणि मधोमध तुटली.

एक क्षण.

पुन्हा पहिल्यापासून.

या वेळी जास्त वेगात. पुन्हा तिथंच तुटली. पुन्हा पहिल्यापासून. काहीतरी दारावर धडका देत होतं आणि दार उघडत नव्हतं, असं.

निमियाच्या पोटात बाळ लाथा मारत होतं. ठेक्यावर. धून चालू असेतो मारायचं, तुटली की थांबायचं.

चौथ्यांदा धून तुटली.

बाळ थांबलं.

धून पुन्हा सुरू झाली. बाळ हललं नाही.

निमियानं पोटावर दोन्ही हात दाबले. दगडासारखं घट्ट. आत काहीच नाही... रिकाम्या घरात हाक मारावी, तसं.

ती पळाली. सहाव्या महिन्यातली बाई, भर जत्रेत, चपला टाकून पळाली. एलिहियो मागून हाका मारत होता. त्या तिला ऐकू आल्याच नाहीत.

मास्तरांच्या घराचं दार सताड उघडं होतं. आतल्या खोलीतून धून येत होती, कानाचे पडदे फाटतील इतकी मोठी. निमियानं चादर ओढून काढली.

तारा हलत नव्हत्या.

एकही नाही. सगळ्या स्तब्ध. आणि आवाज त्यांच्यातूनच येत होता.

तिनं तळहात तारांवर दाबून बघितले. धून थांबली नाही.

मग ती मास्तरांच्या खुर्चीवर बसली. हार्प खांद्यावर घेतली. लाकूड थंडगार होतं, त्या उकाड्यात. तिनं ती धून आयुष्यात कधी वाजवली नव्हती. पण सेवेच्या छोट्या पेटीपाशी, आईचा हात धरून, तिनं ती शेवटपर्यंत ऐकली होती.

तिनं वाट बघितली.

धून त्या जागी आली. तुटायच्या बेतात आली.

आणि निमियानं पुढचा सूर लावला.

ती म्हणते, त्यानंतरचं तिला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की उजव्या हाताशेजारी आणखी एक हात असल्यासारखं वाटत होतं. ती चुकायला लागली की तिचं बोट हलकेच बाजूला केलं जायचं. ती मास्तरांची जुनी सवय. पण तिनं बाजूला बघितलं नाही. शेवटचा सूर वाजला. तिनं दोन्ही तळहात तारांवर दाबले, आणि सगळा आवाज मरेपर्यंत तसेच धरून ठेवले.

शांतता.

मग पोटात... एक लाथ.

निमिया तिथंच ढसाढसा रडली.

चौकातून पोरांच्या हार्प ऐकू यायला लागल्या. तिसरं गाणं रंगात आलं होतं. नंतर लुहानला विचारलं, तर तिला कशाचाच पत्ता नव्हता. "आम्ही थांबलोच नाही, बाई," ती म्हणाली. बाकीची पोरंही तेच म्हणाली. त्यांना सगळं गाणं ऐकू येत होतं म्हणे.

निमियानं डोळे पुसून मान वर केली. दारात लिदुविना आजी उभी होती.

"बंद केलीस?"

"केली."

"अगदी त्यांच्यासारखी." आजीनं खाली पडलेली चादर उचलली, झटकली आणि घडी घालून काखेत घेतली. पुन्हा हार्पवर घातली नाही. "मग आता ती तुझी."

"मला नकोय, आजी."

"त्यांना तरी कुठं हवी होती?"

त्याच संध्याकाळी उत्तरेचा वारा पडला. रात्री पाऊस झाला. लुहान पांढऱ्या पोशाखात गावभर मिरवली, तिला साधी सर्दीसुद्धा झाली नाही. ऑगस्ट सरला. त्या महिन्यात गावात एकही लेकरू दगावलं नाही.

गोष्ट इथं संपायला हवी होती. मीही इथंच संपवली असती.

सप्टेंबरच्या मधल्या एका दुपारी निमियाच्या फाटकावर टाळ्या वाजल्या. आमच्याकडे आलेला माणूस दार ठोठावत नाही, फाटकाशी उभा राहून टाळ्या वाजवतो. एक नवरा-बायको उभे होते. धुळीनं माखलेले, लांबून चालत आलेले. टेकडीपलीकडच्या वस्तीवरचे. निमियानं त्यांना कधी बघितलं नव्हतं.

माणसानं हॅट काढली. "तुम्हीच ना निमिया रेकाल्दे? आमची धाकटी... आज पहाटे गेली. वाजवायला याल का?"

निमियानं पोटावर हात ठेवला. "मी मर्तिकाला जात नाही, दादा. मला दिवस गेलेत. पाराग्वारीत चांगले हार्पवाले आहेत, त्यांचा नंबर देते."

"नाही," बाई म्हणाली. "तुम्हीच यायचं, असं त्यांनी सांगितलंय."

"कुणी?"

"ते म्हातारेबाबा. दुपारचे आले होते आमच्याकडे. फाटकावर टाळ्या वाजवल्या, पाणी मागितलं. प्यायले नाहीत, नुसतं धरून उभे राहिले. म्हणाले, लागेल तेव्हा सान रोकेमीच्या निमियाला बोलवा. तिला आता सगळं येतं."

"कसे दिसत होते?"

"बारीक. पांढरी मिशी." बाईनं आपला उजवा हात पुढे केला. "या हाताची नखं एवढाली."

निमिया फाटकाच्या बाहेर आली.

"मुलगी गेल्यावर आले होते?" तिनं विचारलं.

नवरा-बायकोंनी एकमेकांकडे बघितलं. उत्तर माणसानं दिलं. खाली बघत.

"नाही हो बाई. परवा आले होते. पोरगी तेव्हा अंगणात कोंबड्यांच्या मागे पळत होती. तिला ताप नव्हता, काही नव्हतं. मी चिडलो त्यांच्यावर. म्हटलं, कसली लागेल तेव्हा? निघा इथून. तर म्हणाले, निघतोच आहे. अजून एका घरी जायचंय."

"कुठल्या?"

माणसानं हॅट पुन्हा डोक्यावर घातली.

बाईनं फक्त मान वळवून रस्त्याकडे बघितलं. ज्या रस्त्यानं ते दोघं आले होते, त्याच रस्त्याकडे. तो आमच्या गावात येऊन संपतो.

निमिया गेली. वाजवून आली. त्या आईच्या डोळ्यांतून एक टिपूस पडलं नाही, आणि शेवटी निमियानं दोन्ही तळहात तारांवर इतके दाबले की वळ उठले.

नोव्हेंबरात तिला मुलगी झाली. गोरीगोमटी, धडधाकट. आता तीन वर्षांची आहे. दिवसभर घर डोक्यावर घेते.

पण दुपारच्या वेळी फाटकावर टाळी वाजली की निमिया मुलीला उचलते, मागच्या खोलीत जाते आणि तिचे कान झाकून बसते. चिपावाली असो, पोस्टमन असो, ती उठत नाही. शेजारपाजारचे रागावतात. रागावू देत, म्हणते.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे होते. एलिहियो कामाला गेलेला. जेवून आम्ही आडवं झालो होतो. वारा सुटला होता.

टाळ्या वाजल्या. सावकाश. एक... दोन... तीन.

निमिया केव्हाच मुलीला घेऊन आत गेली होती. मी उठून खिडकीच्या फटीतून बघितलं. फाटक दिसत होतं. रस्ता दिसत होता, पार कोपऱ्यापर्यंत. चिटपाखरूही नव्हतं.

मी मागच्या खोलीत गेले. ती कोपऱ्यात बसली होती, मुलीचं डोकं छातीशी घट्ट धरून.

"गेले का मास्तर?" तिनं विचारलं.

"अगं, बाहेर कुणीच नाहीये."

"ते नाही विचारलं," निमिया म्हणाली. "गेले का, ते सांग."

मी दार लावून घेतलं आणि तिच्याशेजारी बसले.